जिन्यात आडवी सायकल

आन्सेल्म बुर्दिएने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरून सायकल खोलायला घेतली, त्याला आज चौथा दिवस होता. चाकं निघाली, ब्रेक निघाले, हँडलही निघालं. सीटची दांडी मात्र जागची हलेना. पोलादी फ्रेममधली ती अॅल्युमिनियमची दांडी बावीस वर्षं तळघरात बसून होती आणि आता दोन्ही एकजीव झाल्या होत्या.

याच सायकलवर सामान लादून तो आपल्या मित्राबरोबर, लुसियाँबरोबर, दर उन्हाळ्यात आठ-आठ दिवस भटकायचा. मग लुसियाँ मुलीकडे समुद्राकाठी राहायला गेला. सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा, पुढे फक्त नाताळला, आणि नंतर तोही बंद झाला. सायकल नीट झाली की तिच्यावरून थेट लुसियाँच्या दारात जाऊन उभं राहायचं, असं आन्सेल्मने ठरवलं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला कुणी नव्हतं. त्या आठवड्यात तो बेकरीत "एक पाव द्या" म्हणाला होता, तेवढंच काय ते बोलणं.

दांडी घट्ट धरून ठेवेल असं काहीतरी भक्कम हवं होतं. इमारतीत भक्कम म्हणावी अशी एकच गोष्ट होती, जिन्याचा लोखंडी कठडा. आन्सेल्मने फ्रेम उचलली, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दाराबाहेर चार पायऱ्या वर नेली, दांडीचं टोक कठड्याच्या दोन गजांमध्ये खुपसलं आणि सगळं बळ लावून फ्रेम पिरगाळली. दांडी फिरली नाही. गज वाकले, फ्रेम पाव वेढा फिरली आणि समोरच्या भिंतीत रुतली. जिना कंबरेएवढ्या उंचीवर आडवा बंद झाला.

"अहो, हे काय मांडलंय?" खालून आवाज आला. तिसऱ्या मजल्यावरच्या मादाम ओदिल टपाल घेऊन वर येत होत्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना ना वाकता येत होतं, ना पाय उंच उचलून पलीकडे टाकता येत होता.

"दोन मिनिटं," आन्सेल्म म्हणाला.

"माझी मसूर गॅसवर आहे!"

तेवढ्यात वरून सलीहा उतरली. चौथ्या मजल्यावर राहणारी ही नर्स दुपारच्या ड्यूटीला निघाली होती. मादाम ओदिलनी फ्रेमवरून तिच्याकडे किल्ली फेकली. सलीहा धावत वर गेली आणि पातेलं हातात घेऊनच परत आली.

"खालची करपलीये. वरची चालेल."

मग तीन चमचे आले. तिघंही पायऱ्यांवर बसून मसूर खाऊ लागले, दोघं फ्रेमच्या खाली आणि एक वर.

"हिचं करणार काय पण?" सलीहाने विचारलं.

आन्सेल्मने सांगितलं.

"चारशे किलोमीटर! सरळ फोन करा की, मस्यू."

"फोन नाही उचलला तर?" तो म्हणाला. "सायकलवरून गेलं की निदान दार तरी उघडावं लागतं."

मादाम ओदिलनी चमचा पुसला आणि दांडीवर टिचकी मारली. "ताकद लावून काय होणार? तीस वर्षं मी कारखान्यात या फ्रेमा जोडल्यात. दांडी गार करा, फ्रेमची नळी गरम करा. सलीहा, तुझ्या फ्रीजरमध्ये काय आहे?"

"मटार."

मटारची पिशवी दांडीला बांधली. उकळत्या पाण्यात भिजवलेला टॉवेल नळीला गुंडाळला. दहा मिनिटांनी सलीहाने वरून ढकललं, आन्सेल्मने खालून ओढलं आणि मादाम ओदिलनी मागून त्याचा पट्टा धरून ठेवला. दांडी किंचाळली, फिरली आणि सुटली. आन्सेल्म फ्रेमसकट मादामच्या अंगावर आणि मादाम भिंतीवर.

"नवऱ्यानंतर एवढ्या जवळ कुणी आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. सलीहा इतकी हसली की तिची बस चुकली.

मग दोघी आपापल्या वाटेने गेल्या. आन्सेल्मने फ्रेम टेबलावर ठेवली. एवढी मोठी अडचण सुटली होती, पण स्वयंपाकघर सकाळपेक्षा जास्त शांत वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने डाव्या पेडलला पाना लावला. पेडल पहिल्याच झटक्यात सुटलं. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने ते पुन्हा घट्ट बसवलं, फ्रेम उचलली आणि जिन्यात जाऊन बसला.

अर्धा तास कुणी फिरकलं नाही. जिन्यातला टायमरचा दिवा दोनदा आपोआप विझला, दोनदा त्याने उठून लावला. तिसऱ्यांदा विझला तेव्हा तो उठला नाही. अंधारात वरचं एक दार उघडलं.

"आता काय अडकलं?"

"डावं पेडल."

कठडा धरून मादाम ओदिल एकेक पायरी उतरत आल्या. "डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. एवढंही माहीत नाही?"

चाळीस वर्षं सायकल चालवलेल्या आन्सेल्मने मान हलवली. "नाही हो. दाखवता का?"

"सरका," त्या म्हणाल्या.