आरके, थेट आण्णांच्या ओट्यावरून

आमच्या रामकिसनच्या माइकची वायर कशालाच जोडलेली नव्हती. ती त्याच्या काळ्या जाकिटाच्या खिशात जायची आणि तिथेच संपायची. आवाज मोबाईलच टिपतो हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि हळूहळू सगळ्या सिरसाळ्याला ठाऊक झालं. तरी माइक हातात नसला तर रामकिसनच्या तोंडून शब्द फुटत नसे. भाजी घेताना तो माइक मेथीवालीच्या तोंडापुढे धरायचा. दाढी करायला खुर्चीत बसला तरी माइक मांडीवर. मी एकदा म्हणालो, "अरे, ती वायर तरी काप." तर म्हणाला, "कावून कापू? वायर दिसली की माणूस खरं बोलतो, दादा."

माझं स्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक, सप्ताह, दहावा, तेरावा, सगळं छापतो. लोकांचे चेहरे गोरे करून करून माझे डोळे आणि स्वभाव दोन्ही बिघडले आहेत, असं घरचे म्हणतात. रामकिसनच्या माइकवरचा चौकोनी ठोकळा मीच करून दिला होता. त्याच्या तीन बाजूंना 'ठणकावून लाईव्ह' हे चॅनलचं नाव होतं. चौथ्या बाजूला त्याने स्वतःचा फोटो लावून घेतला, हाताची घडी घातलेला.

रामकिसनचा आरके झाला तो अंबाजोगाईच्या एका शिबिरात. तिथे टाय लावलेल्या कुणीतरी सांगितलं की प्रत्येक माणूस हा एक ब्रँड असतो. बाकीचे लोक जेवून घरी गेले. हा शेवटपर्यंत बसला आणि संध्याकाळी दुकानात येऊन म्हणाला, "दादा, रामकिसन मेला. आजपासून आरके." मी तेव्हा एका माजी सभापतींचं पोट फोटोत आत घेत होतो. म्हणालो, "मग तुझी श्रद्धांजली टाकू का छापायला?" तो हसला नाही. ब्रँड झाल्यापासून तो हसायचाच नाही. हसल्यावर वजन कमी होतं, असं त्याला शिबिरात सांगितलं होतं.

संस्थापक, मुख्य संपादक, निवेदक आणि कॅमेरामन, सगळा तोच. मे महिन्यात, जनावरं सावलीला पडून असताना, हा जाकीट घालून रस्त्यातल्या खड्ड्यात उभा राहून बोलायचा. विहिरीत म्हैस पडली की तिला काढणाऱ्यांच्या आधी हा पोचायचा. पस्तिशी उलटली तरी लग्न नव्हतं. एका गावात मुलगी बघायला गेला, पोहे झाले आणि याने माइक काढून मुलीच्या बापाला विचारलं, "आपली या क्षणी काय भावना आहे?" बापाने भावना सांगितली. ती त्याला चॅनलवर टाकता आली नाही. नंतर स्थळंच यायची बंद झाली. हा म्हणायचा, "ब्रँडला टाइम लागतो, दादा." घरी कुणीच नव्हतं. दुपारी तो माझ्याच दुकानात डबा खायचा, आणि डबाही स्वतःच केलेला असायचा.

त्याचा एकच मंत्र होता, सगळ्यात आधी. बातमी चुकली तर दुरुस्त करता येते, उशीर झाला तर काहीच करता येत नाही, हे तो मला पटवून द्यायचा. आमच्याकडे सगळ्यात जास्त बघितली जाते ती श्रद्धांजली. कोण गेलं हे लोकांना आधी मोबाईलवर कळतं, मग माणसाकडून. म्हणून याने गावातल्या थकलेल्या, आजारी माणसांच्या श्रद्धांजल्या आधीच तयार करून ठेवल्या होत्या. फोटो, जोडलेले हात, समई, सगळं. फक्त तारीख टाकायची बाकी. आणि ते डिझाइन करून दिलं होतं मी. त्यामुळे पुढे जे झालं त्यात मी अगदीच सोवळा नाही.

त्या यादीत रंगनाथ आण्णा होते. लाईट बोर्डातून रिटायर झालेले वायरमन. साठ गावांतले खांब त्यांना नावानिशी माहीत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक सुनंदा पुण्याला नोकरीला. आण्णांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी रामकिसनने पाहिलं की आण्णांच्या दारात टेम्पोतून मंडपाचे बांबू, खुर्च्या आणि पांढरं कापड उतरतंय. आमच्याकडे माणूस गेलं की दारात पांढरा मंडप पडतो, बसायला येणाऱ्यांना सावली म्हणून. याने कुणाला काही विचारलं नाही. तिथेच उभ्या उभ्या तारीख टाकली आणि श्रद्धांजली चॅनलवर सोडून दिली.

मंडप शेजाऱ्यांचा होता. त्यांच्या नातवाचं जावळ होतं. लग्नसराईत रंगीत कापड सगळं बाहेर गेलेलं, म्हणून मंडपवाल्याने पांढरं आणलं होतं, आणि गल्ली अरुंद म्हणून टेम्पो आण्णांच्या दारात थांबला होता.

अर्ध्या तासात शेकडो लोकांनी हात जोडले. भजनी मंडळाने टाळ काढले. एकाने सरपणाची गाडीसुद्धा स्मशानाकडे वळवली. अंबाजोगाईला आण्णा खाटेवर बसून भाताची पेज पीत होते. कुणीतरी त्यांना मोबाईल दाखवला. त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "फोटो चांगला निवडलाय."

इथपर्यंत गाव हसतं. पण सुनंदाने ते पुण्यात, ऑफिसात बघितलं होतं. ती हातातलं टाकून निघाली आणि मिळेल त्या बसमध्ये बसली. आण्णांनी तिला फोनवर फोन लावले, पण तिच्या मोबाईलची बॅटरी वाटेतच संपली होती. सगळा दिवस ती अनोळखी माणसांमध्ये खिडकीला डोकं लावून रडत होती. गावात उतरली तेव्हा स्टँडवर तिला सांगितलं की तुझे वडील चांगले आहेत. ती माझ्या दुकानाच्या पायरीवरच बसली. रामकिसन समोर उभा होता, माइक पाठीमागे लपवून. ती त्याला रागावली नाही. फक्त म्हणाली, "आठ तास मी मेलेल्या बापाकडं येत होते."

मी रामकिसनला पुष्कळ ओळखतो. त्या वाक्यानंतर तो दोन दिवस जेवला नाही.

घरी आल्यावर आण्णांनी त्याला बोलावून घेतलं. मला वाटलं, चार शिव्या देतील, फार तर चप्पल. आण्णा म्हणाले, "रामक्या, तू जगाला सांगितलंस ना बे, आण्णा गेला म्हणून? मग आता रोज सकाळी सात वाजता हितं ओट्यावर यायचं, अन् जगाला सांगायचं, आण्णा हाय. जवर हाय तवर."

असा तो कार्यक्रम सुरू झाला. "नमस्कार, मी आरके, थेट आण्णांच्या ओट्यावरून." सुरुवातीला बिचारा मान खाली घालून सांगायचा. आण्णा मात्र रंगात आले. रात्री किती भाकरी खाल्ल्या, पाय किती सुजले, कोणत्या सरपंचाच्या काळात कोणता खांब वाकडा रोवला, सगळं निघायचं. "सप्लाय चालू हाय, पर होल्टेज कमी हाय," हे त्यांचं रोजचं. महिनाभरात 'ठणकावून लाईव्ह' परळीपासून माजलगावपर्यंत लोक चहासोबत बघायला लागले. म्हशीने, खड्ड्याने, नेत्यांच्या वाढदिवसांनी जे झालं नव्हतं ते एका म्हाताऱ्याने जिवंत राहून करून दाखवलं. आरके खरोखरच ब्रँड झाला. दुकानदार त्याला बोलावून जाहिराती द्यायला लागले. एका स्थळाचा निरोपही आला. आणि पुण्यात सुनंदा कामाला जाताना रोज सात वाजता बाप बघायची.

एकदा मी सव्वासहालाच तिकडून चाललो होतो. बघतो तर रामकिसन ओट्यावर बसून आण्णांची नखं काढत होता. चुलीवर पाणी तापत होतं, दोरीवर आण्णांचं धोतर धुऊन टाकलेलं. माइक कुठेच नव्हता. मला बघून ओशाळला. म्हणाला, "फ्रेममधी नखं दिसत्यात, दादा. ब्रँडला बरं न्हाई." तो काढत होता ती नखं पायाची होती. फ्रेममध्ये पाय कधीच येत नव्हते.

आता शेवटच्या दिवसाबद्दल गाव काय सांगतं ते सांगतो. त्या दिवशी सकाळी सात वाजता आरकेने लाईव्ह येऊन सांगितलं की आण्णा झोपलेत. दहाला सुनंदा आली, रडारड झाली, लोक जमले. आंघोळ घालणाऱ्या चौघांनी अंगाला हात लावला आणि एकमेकांकडे बघितलं. शरीर केव्हाच ताठलं होतं. पहाटेच गेलेत, हे न सांगता कळलं. मग गाव बोलायला लागलं. जिवंत होता तेव्हा मेला म्हणून सांगितलं, मेला तेव्हा जिवंत म्हणून विकला. मढ्यावर लाईव्ह केलं. दुसऱ्या एका चॅनलवाल्याने त्यावर तीन भागांचा कार्यक्रम केला. जाहिराती गेल्या, ते स्थळही गेलं. मुलं रस्त्यात त्याला बघून "सप्लाय चालू हाय" म्हणून ओरडायला लागली. त्याने कुणालाही उत्तर दिलं नाही. हल्ली तो माझ्याच दुकानात फ्लेक्सच्या कडेला रिंगा ठोकतो. मी म्हणालो, "एकदा सांग की लोकांना." तर म्हणाला, "काय सांगू? खोटं तर बोल्लोच ना मी." मला याचा राग येतो. त्याचाही येतो आणि गावाचाही येतो. म्हणून हे लिहितोय.

कारण मी तिथे होतो. आदल्या संध्याकाळी आण्णांना धाप लागली. अंबाजोगाईला चला म्हटलं तर त्यांनी हात झटकला. रामकिसनने सुनंदाला फोन केला, "ताई, आण्णांनी आठवण काढलीय, येऊन जा." ती रात्रीच्या बसने निघाली, रामकिसन आण्णांपाशीच थांबला. सकाळी सहाच्या सुमारास मला त्याचा फोन आला. नेहमीचा आरके नव्हता. "दादा, या," एवढंच म्हणाला.

मी गेलो तेव्हा आण्णा खाटेवर होते. डोळे मिटलेले, हनुवटीला उपरण्याची पट्टी बांधलेली, केसांवरून कंगवा फिरवलेला. रामकिसन खाली बसला होता. मी आण्णांच्या पायांना हात लावला. थंड होते. थोड्या वेळाने मी म्हणालो, "सांगायला पाहिजे लोकांना." तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. सात वाजायला आले तसा उठला, तोंड धुतलं आणि जाकीट घातलं.

मी त्याचा दंड धरला. "काय करतोस, रामकिसन?"

"ताई बसमधी हाय," तो म्हणाला. "मांजरसुंब्याच्या अलीकडं. सात वाजता बघत असती ती. मी आलो न्हाई तर तिला कळंल."

"कळणारच आहे की रे."

"कळू द्या. घरी आल्यावर कळू द्या, आपल्या मान्सात. बसमधी न्हाई, दादा. पुन्यांदा बसमधी न्हाई."

त्याने खोलीचं दार ओढून घेतलं आणि ओट्यावर मोबाईल लावला. मी खांबाच्या आडोशाला उभा राहिलो. "नमस्कार, मी आरके, थेट आण्णांच्या ओट्यावरून." त्याने खोकून घेतलं. "रातच्याला आण्णांना झोप न्हाई लागली. आत्ता डोळा लागलाय. आज आण्णा बोलणार न्हाईत." मग त्याला पुढचं सुचेना. लाईव्ह चालू असताना लोक खाली लिहितात आणि ते तो नावासकट मोठ्याने वाचतो, ही त्याची रीत. त्या सवयीनेच तो वाचायला लागला. कुणी नमस्कार लिहिला होता, कुणी काळजी घ्या लिहिलं होतं. मग तो थांबला. मला वाटलं, आता हा कोसळतो. पण त्याने मोबाईल जवळ घेतला आणि सगळं वाचलं.

"सुनंदाताई लिहित्यात, आण्णांना उठवू नका. झोपू द्या. मी दहापर्यंत पोचते."

माइक धरलेला हात खाली आला. तो मोबाईलकडे बघत होता. त्याने फार हळू सांगितलं, "न्हाई ताई. न्हाई उठवत."

मग मोबाईल बंद करून तो आत गेला आणि ती येईपर्यंत आण्णांच्या पायावरच्या माशा वारत बसला.