चार डिस्का, एक शहाणी

“कपाट बदललं म्हणून पुस्तकं हरवतात का?” थोरलीनं जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना विचारलं. ग्रंथालयात हयात गेलेल्या बाईचा तो प्रश्न नव्हता, निकाल होता!

विषय होता बाबांच्या सर्व्हरचा. जिन्याखालच्या फडताळात बाबांनी एक संगणक बसवला होता. घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रं आपोआप त्यात जाऊन पडत. शिवाय त्याच्या पोटात बाबांनी आणखी छोटे संगणक वसवले होते. खरे नव्हेत, मानलेल्या भावासारखे मानलेले. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एक फोटो लावायचा, एक दिवे सांभाळायचा, आणि एक बोलायचा.

हा बोलणारा महत्त्वाचा. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या स्पीकरमधून बाबा ओरडायचे, “अगं, गोळी घे! चहाच्या आधी!” बाबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत. नदीच्या पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात त्यांनी ते रेकॉर्ड केलं होतं. आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, “घेतेय हो! बहिरी नाहीये मी!”

बाबा गेले, त्याला सहा महिने होत आले होते. हा संवाद मात्र सुरू होता. तो थांबता कामा नये, हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं आणि प्रत्येकाला माहीत होतं.

पण अलीकडे सर्व्हरला दम्याची धाप लागली होती. थोरलीनं तीन जाडजूड पुस्तकं वाचली, समासात खुणा केल्या आणि नवा सर्व्हर मागवला. त्याच्या डिस्का च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या! रविवारी सकाळी तिनं दोन्ही यंत्रं जोडली, पुस्तकात बघून एक आज्ञा दिली, आणि काय आश्चर्य! सगळे फोल्डर क्षणात नव्या यंत्रात हजर! बाबांना ज्याला आठवडा लागला असता, ते तिनं चहा निवायच्या आत केलं होतं.

“एवढ्यात झालंसुद्धा?” धाकट्या भावानं विचारलं.

“वाचन लागतं त्याला,” थोरली म्हणाली.

मग तिनं जुना सर्व्हर बंद केला आणि त्यातल्या चार डिस्का टेबलावर मांडल्या. चांगल्या विटेसारख्या जड. प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: आई, मावशी, काका, धाकटा. नंबर विसरले जातात, माणसं विसरली जात नाहीत, हे बाबांचं तत्त्व. “आज मावशी फार तापलीय,” असं ते जेवताना म्हणाले की पाहुणे दचकायचे.

थोरलीचं नाव कुठल्याच डिस्कवर नव्हतं. ते तिला टोचलं. पण टोचलेलं दाखवायचा या घराचा रिवाज नव्हता. उलट ती गळा साफ करून म्हणाली, “बाबांची आठवण म्हणून ज्यानं त्यानं आपल्या नावाची घेऊन जा.” सगळ्यांचे डोळे पाणावले. काकांनी तर आपली डिस्क कपाळाला लावली!

मंडळी पांगली. थोरलीनं नवं यंत्र उघडलं. फोल्डर होते. आत काही नव्हतं. दुसरा उघडला. रिकामा. तिसरा. धुवून पालथ्या घातलेल्या डब्यासारखा!

तिनं तेच पुस्तक पुन्हा काढलं आणि तेच पान वाचलं, या वेळी शेवटपर्यंत. तिच्या आज्ञेनं काहीच हललं नव्हतं. नव्या यंत्राला जुन्यात डोकावणारी एक खिडकी तेवढी मिळाली होती. खिडकीतून शेजाऱ्यांचं सामान दिसलं आणि ही बाई ते आपल्या घरात आलं असं समजली! खालची ओळ आणखी वाईट होती. चार डिस्कांवर सगळ्यांचं सगळं तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं असतं. एक गेली तर उरलेल्या तिघी सांभाळून घेतात. दोन गेल्या की खेळ खलास. काकांच्या डिस्कवर काकांचं काही नव्हतं. कुणाच्याच डिस्कवर कुणाचंच नव्हतं!

तिचे कान तापले. सकाळी आई ओट्यापाशी उभी राहणार, आणि स्पीकर गप्प.

तिनं आधी भावाला फोन लावला.

“बरं झालं केलास,” तो म्हणाला. “आत्ताच लावली मी डिस्क कॉम्प्युटरला. तो विचारतोय, फॉरमॅट करू का? हो म्हणू ना?”

“हात लावू नकोस!” थोरली अशी किंचाळली की समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली. “काढ आणि घेऊन ये!”

“का? सगळं आलंय ना नव्यात?”

“ये म्हटलं ना!”

मावशी वरच्याच मजल्यावर राहायची. तिच्या टेबलाच्या आखूड पायाखाली डिस्क बसलेली होती. “बघ कसं घट्ट झालं! तुझ्या बाबांना किती दिवस सांगत होते, या टेबलाचं काहीतरी करा. शेवटी केलं की नाही त्यांनी?”

“मावशी, ती परत हवीय.”

“दिलेलं परत मागतेस? एवढी शिकलेली तू!”

थोरलीनं टेबल उचलून धरलं आणि स्वतःचं एक पुस्तक पायाखाली सरकवलं. कुठलं, ते सांगायला नकोच.

काका मागच्या गल्लीत. ते प्रसन्न चेहऱ्यानं दारात आले. हातात स्क्रूड्रायव्हर! “ये ये! डिस्कच्या आत काय असतं बघितलंस का? आरसा आहे आरसा! मी दाढीसुद्धा करून पाहिली!”

थोरली पायरीवरच बसली.

उघडलेली डिस्क कायमची गेली. म्हणजे आता उरलेल्या तिघींपैकी एकही गमावून चालणार नव्हती, आणि तिसरी आईकडे. आई मावशीकडे गेलेली पाहून थोरली मांजराच्या पावलांनी तिच्या खोलीत शिरली. कपाट पाहिलं, खण पाहिले, उशीखाली हात घातला.

“काय शोधतेयस?” दारात आई.

“सेफ्टी पिन.”

“माझ्या उशीखाली?”

थोरलीला खोटं कधी जमलंच नाही. तिथंच उभं राहून तिनं सगळं सांगितलं. खिडकी, दाढी, सगळं. मान वर न करता.

आईनं विचारलं, “म्हणजे उद्या बोलणार नाहीत?”

“बघते मी.”

आईनं कपाटाच्या वर ठेवलेली शिवणाची पेटी उतरवली. आत बाबांच्या रुमालात गुंडाळलेली डिस्क. “घे. पाडू नकोस,” ती म्हणाली. ती रागावली असती तर थोरलीला सोपं गेलं असतं.

दिवेलागणीला जिन्याखाली कुटुंब जमलं. फुशारकी ऐकलेला प्रत्येक जण फजिती बघायला हजर! काकांनी आपल्या डिस्कचे अवशेष डब्यात घालून आणले होते. “चिकटवता येत असेल तर बघ,” ते हळूच म्हणाले. थोरलीनं तीन डिस्का खोबणीत सरकवल्या आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. हिरवा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला.

आणि स्वयंपाकघरातून गर्जना झाली.

“थोरले! काका गेले!”

काका भिंतीला टेकले.

“घाबरू नकोस! बाकीच्यांना हात लावू नकोस! आधी बॅकअप घे, मग शहाणपणा कर!”

मावशीला हसू फुटलं, मग भावाला. काका छाती चोळत म्हणाले, “अरे, मी आहे! इथं आहे मी!” कुठली डिस्क बिघडली तर काय करायचं, ते बाबांनी तिच्या चिठ्ठीवरचं नाव घेऊन बोलून ठेवलं होतं. ते कुणाला सांगायचं हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. थोरलीचं नाव तिथं होतं.

नव्या यंत्रात नक्कल सुरू झाली. या वेळी खरीखुरी, चहा काय, जेवण निवेल इतकी सावकाश. जुन्यात मात्र काकांच्या जागी दुसरी डिस्क बसेपर्यंत ही घोषणा तासातासाला होणार होती. नव्या यंत्रातल्या पट्टीएवढ्या डिस्का जुन्या खोबणीत बसणाऱ्या नव्हत्या.

“मग मागव की लगेच!” काका म्हणाले. “शेजारचे आत्ताच विचारून गेले, कधी झालं म्हणून!”

थोरलीनं फोन उचलला.

“कशाला घाई?” आई म्हणाली. “हे वाक्य मी आधी ऐकलं नव्हतं.”

थोरलीनं फोन ठेवून दिला.

तासाभरानं पुन्हा गर्जना झाली. काका गेले. घाबरू नकोस. आधी बॅकअप घे, मग शहाणपणा कर.

“हो बाबा,” थोरली पुटपुटली.

आई ओट्याकडून म्हणाली, “मोठ्यानं बोल. त्यांना कमी ऐकू येतं.”