आनिबाल अंकल आणि ‘पिक-अप’

आनिबाल अंकलना इंग्रजीतल्या एकाच शब्दाचा राग होता. ‘पिक-अप’.

दुबईच्या देरा भागात आमचं ट्रेडिंगचं ऑफिस होतं. नव्वदच्या दशकात मी तिथे टायपिस्ट होते आणि अंकल गोडाऊन सांभाळायचे. मूळचे गोव्याचे, पण जन्म आणि शाळा मोझांबिकमधली, सगळी पोर्तुगीजमध्ये. वय साठीला टेकलेलं, शर्ट कडक इस्त्रीचा, चेहरा सदा आळणी जेवल्यासारखा.

रागाला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मॅनेजरनं चिठ्ठी ठेवली, करीमसाहेबांचे खोके पिक-अप करा. करीमसाहेब आमचे गिऱ्हाईक; म्हणजे त्यांचा नवा माल एअरपोर्टवरून घेऊन या. अंकलनी डिक्शनरी उघडली, पहिला अर्थ वाचला, आणि गोडाऊनच्या जमिनीवर पडलेले करीमसाहेबांचे जुने बावीस खोके एकट्यानं उचलून फळीवर चढवले.

संध्याकाळी मॅनेजरनं विचारलं, “माल कुठाय?”

“वर,” अंकल कंबर धरून म्हणाले.

तेव्हापासून ते भेटेल त्याला गाठायचे. माझ्या टेबलाशी येऊन हिंदीत सुरू व्हायचे, “सुन बाय. चीज उठाना, लेव्हांतार. किसीको लेने जाना, बुश्कार. फोन उठाना, आतेंदेर. धंदा सुधरना, मेल्योरार. हमारे पास सबके लिए अलग शब्द. और ये अंग्रेज? एक ही पिक-अप! कितें मरे, बाकी शब्द घर भूल के आया?”

रस्त्यावरच्या मालाच्या गाडीलाही पिक-अपच म्हणतात हे कळलं, त्या दिवशी ते जेवलेच नाहीत.

प्रत्येक पोर्तुगीज शब्द ते दोनदा म्हणायचे, सावकाश, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे. मला कामं असायची. “खलास, अंकल!” म्हणून मी मशीनकडे वळायचे. ते जरा वेळ उभे राहायचे, मग जायचे.

एका दुपारी एक अनोळखी आफ्रिकन बाई ऑफिसात शिरली. रडत होती आणि भडाभडा बोलत होती. एक अक्षर कुणाला कळेना. शेवटी मी अंकलना हाक मारली.

ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, पोर्तुगीजमध्ये दोन वाक्यं बोलले, आणि बाईचं रडू थांबलं. ती अंगोलाहून कपड्यांच्या खरेदीला आली होती. पासपोर्टची पिशवी टॅक्सीत राहिली होती. अंकलनी टॅक्सीवाल्यांना फोन केले, पोलिसात कळवलं. दोन तासांनी पिशवी आली. तरी ती दोघं आणखी तासभर बोलत बसली. कशावरून तरी ती त्यांच्याशी वाद घालत होती, आणि अंकल हसत होते. त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

ती गेल्यावर ते तिथेच बसून राहिले.

“वाइफ गेली, नऊ साल झाला,” ते म्हणाले. “नौ साल में आज पहिली बार किसीने मेरी भाषा में मुझे जवाब दिया.”

मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढे काही महिन्यांनी भावाला आणायला मी एअरपोर्टवर गेले, तर रेलिंगपाशी अंकल. तोच इस्त्रीचा शर्ट.

“कुणाला न्यायला आलात?”

“किसीको नहीं.” ते ओशाळले. “आफ्रिका का प्लेन उतरा है. उसमें कभी अपने बोलीवाले होते हैं. चार बातें कान में पडती हैं.”

दार सरकलं. दोन बायका ट्रॉली ढकलत, मोठमोठ्यानं भांडत बाहेर आल्या. अंकलनी मान तिरकी करून ऐकलं आणि मला काही न सांगता निघाले. त्या दोघी टॅक्सीत बसेपर्यंत ते दहा पावलं अंतर ठेवून त्यांच्यामागून चालत राहिले.