चार्ज पूर्ण करण्याबाबत

कोणतीही सरकारी वस्तू चालू आहे की बंद, हा प्रश्न गौण आहे. ती कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मुख्य आहे. बंद वस्तू निदान दुरुस्त होऊ शकते. बेवारस वस्तूची चौकशी होते, आणि चौकशीतून आजवर कोणी दुरुस्त होऊन बाहेर पडल्याचे मला आठवत नाही. मी शाळेच्या कार्यालयात सव्वीस वर्षे लेखनिक आहे. सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. या सव्वीस वर्षांत माझ्या ताब्यातली एकही वस्तू हरवलेली नाही. (एक पृथ्वीचा गोल हरवला होता, पण ते लक्षात येईपर्यंत मी त्याचा चार्ज चित्रकलेच्या सरांना देऊन मोकळा झालो होतो.)

गेल्या वर्षी जिल्हा शिक्षण कार्यालयाने मुलांच्या हाती तंत्रज्ञान द्यायचे ठरवले. निर्णय उत्तम होता आणि मुलांचे हात सोडून सगळीकडे त्याची अंमलबजावणी झाली. बेचाळीस शाळांना प्रत्येकी चाळीस टॅब मिळाले. आमचे चाळीस आले तेव्हा खेळाच्या साहित्याचे लोखंडी कपाट रिकामे करून त्यात ते ठेवले आणि चेंडू जिन्याखाली गेले. तेव्हापासून शाळेत चेंडू कोणीच खेळत नाही, त्यामुळे खिडक्यांच्या काचाही शाबूत आहेत. तंत्रज्ञानाचा हा पहिला फायदा.

आम्हाला पहिल्याच फेरीत टॅब मिळाले ते सातवीतल्या एका मुलीमुळे. तिला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते. समोरचा माणूस बोलेल ते टॅबच्या काचेवर अक्षरांत उमटते, अशी सोय असते म्हणे. हेडसरांनी अर्जात त्या मुलीचे वर्णन दीड पान केले. ते वाचून मंजुरी देणाऱ्या साहेबांच्या डोळ्यांत पाणी आले, असे आम्हाला फोनवर कळवले गेले. (लेखी कळवलेले नाही, तेव्हा पाणी आलेच असे आम्ही म्हणणार नाही.) मंजुरीसोबत एक अट होती. सत्र संपताना मुलीची प्रगती कळवायची, आणि प्रगती दिसली नाही तर तिचे नाव आमच्या पटावरून काढून दोनशे किलोमीटरवरच्या निवासी शाळेत घालायचे.

मुलीची आई शिवणकाम करते. घरात त्या दोघीच. अट ऐकून ती माझ्या टेबलापाशी आली. गळ्यात मोजायची टेप तशीच होती.

"भाऊसाहेब, टॅब आलेत ना? मग अडलंय कुठे?"

"अडलं काहीच नाही, ताई. सूचनापत्रक यायचंय."

सूचनापत्रक तीन आठवड्यांनी आले. मजकूर टॅब विकणाऱ्यांनी लिहून दिला होता, जिल्ह्याने त्याचे शुद्धलेखन तपासले होते. पहिलीच सूचना अशी: "प्रत्येक टॅबचा चार्ज दररोज पूर्ण करावा."

आमच्या कार्यालयात चार्ज या शब्दाबद्दल कोणाचे दुमत नाही. एक माणूस जातो, दुसरा येतो, जाणारा येणाऱ्याला चार्ज देतो. यादी करायची, वस्तू मोजायच्या, देणाऱ्याने सही करायची, घेणाऱ्याने सही करायची, दोन साक्षीदार उभे करायचे. चार्ज पूर्ण. रोज करायचे म्हणजे जरा जास्त होत होते, पण जिल्ह्याला टॅबची काळजी आहे, असे समजून आम्ही मान तुकवली. हेडसरांनी नवी नोंदवही घातली. शाळा भरताना कपाटाकडून शिक्षकांकडे चार्ज, सुटताना शिक्षकांकडून कपाटाकडे. पहिला तास देण्यात जाई, शेवटचा घेण्यात. वेळापत्रकात या दोन्ही तासांना "डिजिटल शिक्षण" असे नाव दिले, कारण त्या तासांना दुसरे काही शिकवणे शक्यच नव्हते.

बाकीच्या सूचनाही पहिलीशी तंतोतंत जुळत होत्या. "चार्ज वीस टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये." शाळेत शिक्षक चौदा. चौदाचे वीस टक्के म्हणजे दोन पूर्णांक आठ दशांश शिक्षक. दशांश शिक्षक कोण, यावर खोलीत नजरानजर झाली, पण नाव घ्यायला कोणी धजावले नाही आणि चार्ज घेणारे शिक्षक तीनपेक्षा कमी नकोत असे धरले. "चार्जवर असताना टॅब ऊन लागेल असा ठेवू नये." म्हणून देवघेव उत्तरेकडच्या ओट्यावर. "टॅब रात्रभर चार्जवर ठेवू नये." म्हणजे संध्याकाळनंतर कोणाही माणसाकडे चार्ज नको. मग तो कपाटाला दिला. नोंदवहीत सही किंवा अंगठा असे दोनच प्रकार ग्राह्य आहेत आणि कपाटाला सही येत नाही, म्हणून मी किल्लीचा दात शाईत बुडवून कागदावर उठवतो. तो कपाटाचा अंगठा समजला जातो. कपाटाने आजवर एकदाही खळखळ केलेली नाही. हे मी शिक्षकांबद्दल म्हणू शकत नाही.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. "चार्जवर असताना टॅब वापरू नये." दिवसा टॅब शिक्षकांच्या चार्जमध्ये, शाळा सुटली की कपाटाच्या. कोणाच्याच चार्जमध्ये नाही असा क्षण चोवीस तासांत येत नाही. त्यामुळे तो वापरण्याचा प्रश्नच मिटला. इतकी निर्दोष योजना मी पाहिलेली नाही. एकशे दहा दिवसांत आठ हजार आठशे चार्ज पूर्ण झाले. काचेवर ओरखडा नाही, वरचा पारदर्शक कागदही जसाच्या तसा. टॅबसोबत चाळीस पांढऱ्या वायरी आल्या होत्या, त्या नोंदवह्या बांधायला फार सोयीच्या निघाल्या. वायरींच्या टोकांना लावायचे ठोकळे आम्ही कागद उडू नयेत म्हणून ठेवतो. जिल्ह्याने आमचा "शून्य बिघाड शाळा" म्हणून गौरव केला.

वाचक म्हणतील, घरी मोबाइल चार्जिंगला लावताना तुम्हाला काहीच कसे सुचले नाही? सुचले होते. पण मोबाइल खासगी आहे आणि टॅब सरकारी. खासगी गोष्टीत अक्कल चालवायला परवानगी लागत नाही.

शिलाईवाली ताई दर मंगळवारी यायची. तिला नोंदवही दाखवली की ती पाने मोजल्यासारखे करून निघून जायची. एका मंगळवारी ती माझ्याकडे न येता थेट गणिताच्या सरांकडे गेली. मुलगी ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखते आणि सरांच्या मिशा खालच्या ओठापर्यंत आलेल्या.

"सर, राग मानू नका. तिला तुमचं गणित कळतं, पण तुम्ही कळत नाही. मिशा थोड्या कापाल का?"

सर लालबुंद झाले. मिशी ही शालेय बाब नाही, असे त्यांनी ठणकावले. दुसऱ्या दिवशी ते मिशा सफाचट करून आले आणि दिवसभर कोणाच्या नजरेला नजर देईनात. शिवाय फळ्याकडे तोंड करून बोलायचे सोडून वर्गाकडे तोंड करून, हात मागे नेऊन लिहू लागले. त्यामुळे त्यांचा सात एकासारखा दिसू लागला आणि अर्धा वर्ग नापास होण्याच्या बेतात आला. तरीही नमूद करतो की या सत्रात शाळेत जी साधने आली, त्यांपैकी प्रत्यक्ष चालले ते एकच, सरांचे वस्तऱ्याचे पाते. (ते जिल्ह्याने पुरवलेले नव्हते.)

सत्र संपायला दोन आठवडे उरले तेव्हा विज्ञानाच्या बाई रुजू झाल्या. वयाने लहान, बोलायला तिखट. पहिल्याच दिवशी ओट्यावरचा सोहळा पाहून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो भाऊसाहेब, चार्ज म्हणजे वीज! ही वायर भिंतीत खुपसायची असते!"

"बाई, पत्रकात वीज हा शब्द कुठे आहे, तेवढं दाखवा."

शब्द नव्हता. बाईंनी दोनदा वाचले. मग त्यांनी नियमाप्रमाणे टॅब क्रमांक सतराचा चार्ज घेतला, सही केली, साक्षीदार उभे केले, नोंदवहीची वायर सोडली, माझ्या टेबलावरचा ठोकळा उचलला आणि सतरा नंबर सातवीच्या वर्गात नेऊन भिंतीला लावला. माझे कागद खोलीभर उडाले. ते गोळा करत करत मी वर्गापर्यंत गेलो, म्हणून पुढचे माझ्या डोळ्यांसमोर घडले.

टॅब तिसऱ्या बाकावर त्या मुलीपुढे होता. गणिताचे सर म्हणाले, "मागे कोण कुजबुजतंय? उत्तर येत असेल तर मोठ्याने, येत नसेल तर त्याहून मोठ्याने!" काचेवर अक्षरे उमटली. वर्ग हसला आणि मुलगीही हसली. एरवी ती इतरांना पाहून हसते, जरा उशिराने. त्या दिवशी ती सगळ्यांच्या बरोबरीने हसली. मला फार बरे वाटले. हातातले कागद पुन्हा खाली पडले, आणि ते उचलायची मला घाई झाली नाही.

चार दिवस हे चालले. पाचव्या दिवशी, म्हणजे या सोमवारी, "शून्य बिघाड शाळे"ची पाहणी करायला जिल्ह्याच्या तपासनीस मॅडम आल्या.

"हा टॅब आत्ता कोणाच्या चार्जवर आहे?" त्यांनी विचारले.

"भिंतीच्या," बाई म्हणाल्या. "बघा ना, वायर लावलीये."

मॅडमनी "भिंत" असे लिहून घेतले. भिंतीला हुद्दा नाही, तिची सही नाही, अंगठाही नाही. शिवाय टॅब चार्जवर असताना वापरात होता, म्हणजे शेवटच्या सूचनेचा उघड भंग. सतरा नंबर लिफाफ्यात घालून मोहोरबंद झाला आणि कपाटात गेला. उरलेले एकोणचाळीसही चौकशी होईपर्यंत तिथेच. बाईंकडून चार्ज काढून घेतला. कोणता चार्ज, ते आदेशात लिहिलेले नाही. तेव्हा बाई आता शिकवण्याचाही चार्ज घेत नाहीत आणि खिडकीपाशी बसून असतात.

काल मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि वहीच्या पानाचा चतकोर तुकडा ठेवून गेली. त्यावर लिहिले होते, "आज सर काय म्हणाले? सगळे का हसले?" मला वाईट वाटले. लपवत नाही, फार वाईट वाटले. सव्वीस वर्षांत हा पहिलाच कागद असा आला, ज्याला मी आवक क्रमांक दिला नाही.

तिच्या प्रगतीचा अहवाल शुक्रवारी पोहोचायचा आहे. रकाना एका ओळीचा आहे. "प्रगती दिसली" असे दोन शब्द लिहायचे आणि खाली सही करायची. चार दिवस मला ती दिसली होती. पण हे दोन शब्द लिहायचे तर प्रकरणाचा चार्ज हवा. मी तो हेडसरांना दिला. हेडसरांनी जिल्ह्याला दिला. जिल्ह्याने सूचना लिहिणाऱ्या विक्रेत्यांना दिला. विक्रेत्यांनी कळवले की चार्जबाबत अडचण असल्यास वापरकर्त्याशी संपर्क साधावा. वापरकर्ती सातवीत आहे. अल्पवयीन व्यक्तीला चार्ज देता येत नाही, म्हणून तो फिरून माझ्याकडे आला.

आज सकाळी ताई आली होती. या वेळी तिने नोंदवही मागितली नाही. "भाऊसाहेब, शुक्रवारी काय लिहिणार?" एवढेच विचारले.

मी म्हणालो, "ताई, लिहिणारा माणूस शोधतोय."

म्हणून हा सगळा मजकूर लिहून काढला. चार्ज द्यायचा तर आधी यादी करावी लागते, आणि ती वर पूर्ण केली आहे: कपाट एक, टॅब चाळीस, वायरी चाळीस, बाई एक, मुलगी एक, रकाना एक. आता नियमाप्रमाणे, जो ही यादी शेवटपर्यंत वाचेल त्याने ती तपासली आणि प्रकरणाचा चार्ज घेतला, असे समजले जाते. आपण मधे मधे हसत होतात, त्याला आमची हरकत नाही. साक्षीदार म्हणून आपण स्वतःच पुरेसे आहात.

शुक्रवार परवा आहे. सहीची काळजी नको. पान उलटताना म्हणा की काच सरकवताना म्हणा, आपला अंगठा लागलेला आहे. तो आम्ही ग्राह्य धरतो.