जावयाची दोन मिनिटं

आमच्या बिल्डिंगमध्ये सहा फुटांहून उंच एक गोरा माणूस होता. काही चूक झाली की तो जिन्यात जाऊन बसायचा. कुणी बसवत नसे, स्वतःच बसायचा. दूध उतू गेलं, बसला. बायकोवर आवाज चढला, बसला. एकदा तर चर्चमध्ये प्रवचन चालू असताना घोरला म्हणून घरी आल्या आल्या कोटासकट बसला. हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या भिंतीवर. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जायचे, जसे गल्लीत बसलेल्या बैलाला घालतात.

मी बहारीनला, मनाम्यात राहायला आले त्या दिवशी ट्रंक घेऊन जिना चढताना हा डोंगर मला आडवा आला.

"एक्सक्यूज मी," मी म्हटलं.

त्यानं पाय आवरले, पण उठला नाही. "सॉरी हां. मी शिक्षेत बसली हाय," म्हणाला. मराठीत!

मी परळच्या युनियन ऑफिसात पत्रकं लिहून मोठी झालेली मुलगी. शिक्षा म्हटलं की माझा पहिला सवाल ठरलेला: कुणी दिली आणि कुठल्या नियमाखाली? तो मी तिथंच, ट्रंक डोक्यावर असताना, विचारला. तेवढ्यात वरून बाईमाणसाचा आवाज आला, "क्लिफ! झाली दोन मिनिटं, ये आता!" तसा तो उठला, माझी ट्रंक पिशवीसारखी एका हातात घेतली आणि दोन-दोन पायऱ्या चढत निघून गेला.

ती हाक रेजिनाबायची. रेजिनाबाय वसईची, मनाम्यातल्या हॉस्पिटलात नर्स. आणि क्लिफ तिचा नवरा, कॅनडाचा, एके काळी पैसे घेऊन आइस हॉकी खेळणारा.

ही हॉकी आपल्याकडची नव्हे. गोठवलेल्या बर्फाचं मैदान, पायांत धारदार पात्यांचे बूट, चेंडूच्या जागी रबराची चकती. खेळाडू चुकला की त्याला कडेच्या एका खोक्यात नेऊन बसवतात, दोन मिनिटं. तोवर त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. वेळ भरली की खोक्याजवळचा माणूस दार उघडतो. क्लिफची निम्मी कारकीर्द या खोक्यात गेली होती. लग्न झाल्यावर त्यानं आमच्या जिन्याची तिसरी पायरी खोका म्हणून धरली, आणि दार उघडायचं काम रेजिनाबायकडे आलं.

बहारीनमधले यच्चयावत वसईकर त्याला 'जावई' म्हणत. सणाला चर्चच्या हॉलमध्ये जेवण असलं की "जावयाला वाढा, जावयाला वाढा" असा गिल्ला व्हायचा आणि त्याच्या ताटात फुग्यांचा, आमच्या तळलेल्या गोल पावांचा, ढीग पडायचा. त्याचं मराठी सगळं बायकोकडून आलेलं, त्यामुळे तो "मी गेली, मी जेवली" असंच बोलायचा. मिशीवाले काका हसून लोळायचे. तोही हसायचा. समोरचे चार दात खोटे होते. कुणाशी वाद होणार असं वाटलं की तो ते शांतपणे काढून शर्टाच्या खिशात ठेवी. जुनी सवय. सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, एका टॅक्सीवाल्यानं रेजिनाबायला वाटेतच उतरवायचा प्रयत्न केला, तेव्हा क्लिफनं फक्त दात काढले. टॅक्सीवाला "मफी मुश्किल, मफी मुश्किल", काही अडचण नाही, करत थेट दारापर्यंत आला.

नशीब बघा, आमची नोकरी एकाच ठिकाणी निघाली. मीना सलमान नावाच्या बंदराशेजारी एक कोल्ड स्टोरेज होतं. मी तिथं ऑफिसात टायपिस्ट, क्लिफ तिथला रेफ्रिजरेशन मेकॅनिक. बाहेर डांबर वितळतंय आणि हा उणे अठराच्या खोलीत शीळ घालत फिरतोय. "युनियन," तो मला म्हणायचा, हेच नाव त्यानं मला ठेवलं होतं, "बाहेर काय हाय? धूळ. आत ये, माझा गाव बघ."

त्याचा गाव म्हणजे कॅनडातलं गव्हाच्या कोठारांचं एक खेडं. तिथं पोरं चालायच्या आधी बर्फावर घसरायला शिकतात. क्लिफला चकती नीट मारता येत नव्हती. पण सोळाव्या वर्षी एका कोचनं त्याचे हात पाहिले. खेळ नाही, हात. संघात एक छोटासा चपळ खेळाडू होता, गोल तोच करायचा. त्याला कुणी धक्का दिला की क्लिफनं जायचं, हातमोजे बर्फावर टाकायचे आणि त्या माणसाला झोडायचं. एवढीच त्याची नोकरी. झोडायचं, झोडून घ्यायचं, मग खोक्यात बसायचं. प्रेक्षक उभे राहून ओरडायचे. वरच्या लीगमध्ये तो जेमतेम एक हंगाम टिकला. बाकी सगळी वर्षं छोट्या गावांच्या छोट्या संघांत, बसच्या मागच्या सीटवर, नाकात कापूस कोंबून गेली. एकदा तो जेवायला बसला होता. फोन आला: तुला दुसऱ्या संघाला विकलंय, सकाळी निघ.

"विकलंय?" मी ओरडले. "म्हशीसारखं?"

"म्हशीला कोण फोन करते?" तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खूष झाला.

मला संताप आला. आजही येतो. माणसाचं डोकं भाड्यानं घ्यायचं, त्यावर ठोसे मारायची तिकिटं विकायची, आणि ते डोकं कामातून गेलं की एका पावसाळी सकाळी दार दाखवायचं. याला तिकडं खेळ म्हणतात! आमच्याकडे हमाली म्हणतात, आणि हमालाला निदान डोक्यावर चुंबळ मिळते. मी म्हटलं, "क्लिफ, मी यावर लिहिणार. तुमच्या मालकांची नावं सांगा."

"नावं मी विसरली," तो म्हणाला.

मला वाटलं, टाळतोय. टाळत नव्हता.

पुढच्या वर्षभरात ते ध्यानात आलं. तो खुब्झ, म्हणजे तिथली रोटी, आणायला जायचा आणि दुसऱ्याच बिल्डिंगच्या जिन्यावर चढून दार ठोठावायचा. तीच गोष्ट मला सकाळी सांगायचा आणि चहाच्या वेळी पुन्हा, तितक्याच हौसेनं. आधी आम्ही हसलो. रेजिनाबायही हसली. "म्हातारा झाला गं माझा जावई," म्हणाली. मग एके दिवशी ती हसायची थांबली. नर्स होती ती. "डोक्यावर किती बसलेत, मोजलेत कुणी?" मला एवढंच म्हणाली आणि कांदा चिरत राहिली.

त्याच्या शिक्षा लांबत चालल्या. पायरीवर तो बसायचा, पण कशासाठी ते त्याला आठवायचं नाही. आणि दुसऱ्यानं दार उघडल्याशिवाय उठायचं नाही हा नियम मात्र हाडात मुरलेला. रेजिनाबाय ड्यूटीवर असली की तो बसून राहायचा. मग आम्ही शेजारीपाजारी, जो जाईल तो, हाक मारायचो, "जावई, झाली दोन मिनिटं!" तो थँक्यू म्हणून उठायचा.

आता ती दुपार.

कोल्ड स्टोरेजच्या एका खोलीचं दार नीट लागलं नव्हतं आणि मटणाची खोकी नरम पडली होती. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर मॅनेजरनं ते पाहिलं. मॅनेजर आपलाच, पुण्याचा, घरी सत्यनारायण घालणारा. सगळ्यांना दारापुढे उभं करून गरजला, "कोणी उघडं टाकलं? आज एकाचा व्हिसा कॅन्सल होणार!"

आम्ही सगळे जमिनीकडे पाहत होतो. क्लिफनं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, "मी."

मला आश्चर्य वाटलं नाही. हल्ली तो विसरायचाच. मॅनेजर तणतणत ऑफिसात गेला, बाकीचे जेवायला पांगले. क्लिफ दिसला नाही. मला वाटलं, नेहमीसारखा रेजिनाबायला गाठायला हॉस्पिटलकडे गेला असेल.

तो त्या खोलीत गेला होता. दार आतून ओढून घेतलं, एक रिकामं खोकं उलटं केलं आणि त्यावर बसला. दोन मिनिटं. दार आतूनही उघडत होतं, त्यानं ते कितीदा तरी दुरुस्त केलं होतं. पण खोक्यातल्या माणसानं दार स्वतः उघडायचं नसतं.

तासाभरानं आमचे स्टोअरकीपर इस्माईलभाई, रत्नागिरीकडचे, जेवण अर्धं टाकून परत आले. त्यांना क्लिफचा डबा तसाच बंद दिसला. ते धावले. क्लिफ ताठ बसलेला होता, कोट घातलेला. हातमोजे मात्र काढून शेजारी नीट ठेवलेले. मारामारी करणारा खेळाडू मोजे टाकूनच खोक्यात जातो ना! इस्माईलभाईंनी हाक मारली तेव्हा तो उठायचा प्रयत्न करत म्हणाला, "झाली?"

जीव वाचला. डाव्या हाताची तीन बोटं आणि उजव्याची दोन कापावी लागली. ज्या हातांवर त्यानं आयुष्यभर पोट भरलं तेच. त्याला दवाखान्यात ठेवलं तोवर कंपनीनं नोकरी संपल्याचं कळवलं. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला. बायकोच्या नावावर नवऱ्याला राहता येणार नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. रेजिनाबायचा करार संपायला वर्ष होतं आणि तिच्या पगारावर वसईत दोन भाऊ शिकत होते. क्लिफला कॅनडात बहिणीकडे एकट्यानं जावं लागणार होतं. दुसऱ्या बिल्डिंगचा जिना चढणारा माणूस, एकटा, दोन विमानं बदलून.

मी पेटले. कंपनीला द्यायचा अर्ज मी एका बैठकीत लिहिला. परळमध्ये तो भिंतींवर लागला असता, असा. एका चुकीसाठी, तीही आजारातून झालेल्या, माणसाला हाकलता? सह्या घ्यायला निघाले आणि पहिली सही दवाखान्यातच इस्माईलभाईंकडे मागितली. ते क्लिफच्या पलंगाशी बसले होते. त्यांनी कागद वाचला आणि रडायला लागले. पन्नाशीचा माणूस, दाढी भिजली.

"बाई, दरवाजा माझ्याकडनं ऱ्हायला वो," ते म्हणाले. "हा माझ्या मागंच हुता. ह्यानं बघितलान."

इस्माईलभाईंना आधी दोनदा ताकीद मिळाली होती, ते मला आठवलं. तिसरीला थेट विमान. दोन मुलींची लग्नं त्याच वर्षी ठरलेली.

"मग सांगा ना ऑफिसात!" मी म्हटलं. "आत्ता चला!"

"येतंय मी," ते खरंच उठले.

पलंगावरून आवाज आला. "इस्माईल, बस." बँडेज बांधलेले दोन्ही पंजे क्लिफनं पांघरुणावर ठेवले होते, मोजे घातल्यासारखे. "गोलकीपर चुकला तर तो खोक्यात जात नाय. गोल कोण राखेल? त्याच्या जागी दुसरा बसते." त्या दिवशी तो किती स्पष्ट बोलत होता! "मी बसली. शिक्षा झाली. आता परत कोण विचारत नाय. खलास."

"पण हा अन्याय आहे, क्लिफ!"

"असेल," तो म्हणाला. "तू फार ओरडते, युनियन."

तो कागद कुठं द्यायचाच राहिला. खरं लिहिलं तर इस्माईलभाई जातात, खोटं लिहिलं तर पत्रक कसलं? दोन गरीब माणसांतून एक निवडायला मला कुणी शिकवलं नव्हतं. ज्यांनी ही निवड करायला लावली ते गार खोलीत बसून सह्या करत होते, हे मी आजही लिहीन. ठळक अक्षरांत लिहीन. पण त्यानं क्लिफचं तिकीट बदलत नव्हतं.

तो निघणार त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले तर तो तिसऱ्या पायरीवर. हात गुडघ्यांवर, उरलेली बोटं पसरून. वर घरात त्याची बॅग भरून ठेवलेली होती, रेजिनाबायनं त्याच्या कोटाच्या आत बहिणीचा पत्ता शिवला होता. ती अजून ड्यूटीवरून यायची होती.

"आज काय चुकलं, जावई?" मी विचारलं.

त्यानं खूप वेळ आठवून पाहिलं. कपाळावर आठ्या आल्या. "माहीत नाय," म्हणाला. "कोणतरी काय केला असेल."

नेहमीची हाक माझ्या ओठांवर आली होती. झाली दोन मिनिटं. उद्यापासून तिकडं कुणाला ती ठाऊक असणार होती? बहिणीनं त्याला पंचवीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. त्या बर्फाच्या गावात तो कुठल्या तरी पायरीवर बसणार आणि लोक वळसा घालून जाणार.

मी हाक मारली नाही. पर्स ठेवली आणि त्याच्या शेजारी बसले. त्यानं सरकून जागा दिली, अगदी भिंतीला चिकटला.

"तू पण?" त्यानं विचारलं.

"मी पण."

"काय केली?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि माझ्या पाठीवर अर्धी बोटं गेलेल्या तळहातानं थोपटलं. "काय नाय," म्हणाला, "येते कोणतरी. दार उघडते."

खालच्या दरवाज्याशी रेजिनाबायच्या चपला वाजल्या. ती वर आली, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, दमलेली. आम्हा दोघांना पाहून थबकली. मला वाटलं, आता हाक मारेल. तिनं पिशवी खाली ठेवली, त्या अरुंद जिन्यात आमच्या खालच्या पायरीवर बसली आणि डोकं त्याच्या गुडघ्याला टेकलं. वरून उतरणारा एक मलबारी शेजारी आम्हाला पाहून थांबला आणि परत वर गेला.

क्लिफ समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिघंही बसून राहिलो.