नंबर कोणाचा गेला

नंबर लावला सरांनी आणि गेला मॅडमचा. खरं तर एवढ्यात हकिकत आटोपली असती, पण सरांना ती आटोपता येईना, म्हणून लांबली.

सर शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस साडेसहा, डाव्याचा सहा. चष्मा नसला की जिन्याच्या कोपऱ्यात उलटा उभा केलेला झाडूही त्यांना पाहुणा वाटायचा. एकदा ते त्याला "या, या, आत या" म्हणाले होते. लेझरने डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं हा त्यांचा बेत इतका जुना होता की नातेवाइकांनी त्याबद्दल विचारणंही सोडून दिलं होतं. सरांनी मात्र अभ्यास सोडला नव्हता. कोणत्या पद्धतीत बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची चकती उचलतात, कोणत्या पद्धतीत बारीक छेदावर भागतं, हे ते जेवताना ताटात चमच्याने आखून दाखवत.

"हे बघ, किरण इकडून असा आत येतो..."

"येऊ दे. तोवर तुम्ही जेवून घ्या," मॅडम म्हणत.

मॅडम म्हणजे सरांची बायको. त्या रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये होत्या. तिथले पेशंट त्यांना मॅडम म्हणत आणि हळूहळू गल्लीही म्हणू लागली होती. त्यांना चार नंबरचा चष्मा होता. सूक्ष्मदर्शकात पाहताना किंवा बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचताना त्या तो कपाळावर सरकवत आणि काम झालं की खाली ओढत. लेझरबिझर त्यांच्या मनातही नव्हतं. हौस सरांची आणि धावपळ मॅडमची, अशी त्या घरातली जुनी वाटणी होती.

सरांनी चार दवाखाने पाहून पाचवा निवडला. शाळेत रजा टाकली. शिक्षकांच्या खोलीत उभं राहून जाहीर केलं, "आता येईन तो चष्म्याशिवाय!" मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना निरोपाचा चहाही पाजला. तपासणीत डोळ्यांत थेंब घालतात आणि मग बराच वेळ धड दिसत नाही, तेव्हा गाडी चालवायला मॅडम बरोबर गेल्या.

"नंबर किती?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"उजवा मायनस साडेसहा, डावा..."

"टोकनचा नंबर विचारतेय, काका."

'काका' हा शब्द सरांनी आवंढ्याबरोबर गिळला. मग त्यांना या मशीनवरून त्या मशीनवर फिरवण्यात आलं. प्रत्येक ठिकाणी ते मशीनच्या तंत्रज्ञाला त्याचंच मशीन समजावून सांगत होते. मॅडम बाहेर बाकावर बसल्या होत्या. एक मुलगी येऊन म्हणाली, "काकू, तुम्हालाही चष्मा आहे ना? मशीन रिकामंच आहे, बसता का?" नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि मॅडमना फार बोलायचा कंटाळा. त्या बसल्या.

डॉक्टरांच्या खोलीत दोघं गेले तेव्हा सरांचा चष्मा मॅडमच्या पर्समध्ये होता आणि थेंबांनी त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बशीएवढ्या झाल्या होत्या. समोर एक पांढरा ढग बसला होता. ढग बोलू लागला.

"वा! इतका सुंदर पडदा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. जाडी उत्तम, आकार अगदी पुस्तकातल्यासारखा."

सर लाजले. "आमच्या घराण्यातच आहे ते," ते म्हणाले.

"असं? दोघं एकाच घराण्यातले?"

"म्हणजे?"

"मी मॅडमच्या डोळ्यांबद्दल बोलतोय," ढग म्हणाला. "सर, तुमच्याकडे आता येतो."

सरांकडे ढग आला तो अगदी हळू आवाजात. तुमचा नंबर मोठा आणि पडदा पातळ. नंबर घालवायला लेझर पडदा कोरून काढतो. "झिजलेल्या कागदावर खोडरबर चालवला तर काय होईल? फाटेल. तुम्ही चष्मा वापरा, उत्तम आहे."

"पातळ म्हणजे किती पातळ?"

डॉक्टरांनी आकडा सांगितला.

"परत मोजा."

"तीनदा मोजलाय, सर."

त्यानंतर डॉक्टर मॅडमशी बराच वेळ बोलत होते. हे ऑपरेशन केलं तर काय होईल, वयाप्रमाणे पुढे काय लागेल, असं काहीतरी. सर छताकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या कानात एकच शब्द घुमत होता, पातळ. आयुष्यात त्यांना जाडा, बुटका, चिकट, सगळं म्हणून झालं होतं. पातळ कुणी म्हणालं नव्हतं. आणि म्हणायचंच होतं, तर ते पोटाबद्दल तरी म्हणायचं!

घरी आल्यावर मॅडम म्हणाल्या, "मला काही करायचं नाहीये. तुमच्यासाठी गेलो होतो आपण."

हे ऐकून सरांना बरं वाटलं. आता रीतीप्रमाणे आपण आग्रह करायचा, तिने नको नको म्हणायचं आणि विषय मिटवायचा. "छे छे, तू करून घे!" ते म्हणाले.

"नको हो."

"अगं, असा पडदा मिळतो का कुणाला? घेच करून. माझा विचार करू नकोस. माझं काय, मी आहेच."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही एवढं मनापासून म्हणताय, तर करते."

सरांचा 'घे' हवेतच राहिला. आग्रहाच्या खेळात समोरचा माणूस दुसऱ्याच खेपेला 'बरं' म्हणतो, हा प्रकार त्यांनी कधी अनुभवला नव्हता. सासरी वाढायला आलेल्या वहिनीला 'पुरे' म्हणावं आणि तिने खरंच पातेलं उचलून न्यावं, तसं झालं.

ऑपरेशनच्या दिवशी नातेवाइकांना आतलं दिसावं म्हणून बाहेर टीव्हीचा पडदा लावला होता. त्यावर मॅडमचा डोळा गोल टेबलाएवढा दिसत होता. शेजारी बसलेल्या बाईंना सर समजावून सांगू लागले, "आता बघा, डोळा हलू नये म्हणून त्याला चकतीने पकडतील..." तेवढ्यात पडद्यावरचं सगळं संपलं. इतक्या वर्षांचा अभ्यास वाक्य पूर्ण व्हायच्या आत उरकला होता.

मॅडम बाहेर आल्या त्या डोळ्यांवर पारदर्शक झाकणं चिकटवून.

"दुखलं?" सरांनी विचारलं. त्या आवाजात काळजी होती आणि किंचित आशाही.

"नाही. नुसता दाब आला. मग एक हिरवा ठिपका दिसला, मग धुकं झालं. आणि केस जळल्यासारखा वास आला."

"तो वास का येतो, माहीत आहे का? लेझरमुळे..."

"हो, सांगितलं डॉक्टरांनी. छान समजावून सांगतात हो ते."

दुसऱ्या दिवशी झाकणं काढली. सर खुर्ची ओढून अगदी समोर बसले होते. बायकोला पहिलाच स्पष्ट चेहरा दिसावा तो आपला, एवढी तरी त्यांची अपेक्षा होती. नेमके डॉक्टर मध्ये वाकले.

"कसं दिसतंय?"

"अगदी स्वच्छ," मॅडम हसून म्हणाल्या. "डॉक्टर, तुमच्या पापण्या किती लांब आहेत!"

घरी जाताना गाडी सर चालवत होते. आरशात स्वतःच्या पापण्या पाहायला त्यांनी सिग्नलला चष्मा काढला, पण चष्म्याशिवाय त्यांना आरसाच दिसेना. मागचे लोक हॉर्न वाजवू लागले.

मग घरात राजेशाही सुरू झाली. मॅडमनी डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही, धुराजवळ जायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत. सर स्वयंपाक करत. भाताचं झाकण काढलं की चष्म्यावर वाफ धरे आणि मीठ कुठे पडलं ते चव घेतल्यावर कळे. डोळ्यांत थेंब घालायचं कामही त्यांच्याकडेच होतं. "वर बघ," ते म्हणत, आणि मॅडम वर बघत बघत म्हणत, "पंख्यावर केवढी धूळ बसलीय हो! इतके दिवस दिसलीच नव्हती." मग पंखाही सरच पुसत.

मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, ताईचा नंबर गेला म्हणे! आणि तुमचा?"

"माझा आहे," सर म्हणाले.

"अय्या! नंबर तुम्ही लावला होता ना?"

खरं दुखणं वेगळंच होतं. लग्न झाल्यापासून सकाळी डोळे उघडले की दोघंही एकमेकांना धूसर दिसत. सरांना एक गुलाबी डाग दिसे, मॅडमना एक सावळा. दोघं उशाशी चाचपडत, कधी एकमेकांचा चष्मा लावत, हसत, आणि मग दिवस सुरू होई. आता सर जागे व्हायचे तेव्हा तो गुलाबी डाग आधीच उठून बसलेला असायचा आणि त्यांच्याकडे पाहत असायचा. केस विस्कटलेले, तोंड उघडं, सगळं तिला दिसत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्यांना कळत नव्हतं. डाग एकदा म्हणाला, "तुमच्या भुवईत एक पांढरा केस आहे." सरांना वाटलं, आपण बायकोला दृष्टी देऊन बसलो आणि स्वतः मात्र प्रेक्षणीय होऊन राहिलो. पुढे ही सगळं असंच स्वच्छ पाहणार, आणि एक दिवस हिला वाटणार, हे काय निवडलं आपण?

रजा संपली. सर शाळेत गेले ते अर्थात चष्मा लावून.

"हे काय?" मोठ्या बाईंनी विचारलं. सगळी खोली वळली.

सरांना 'पातळ' हा शब्द तोंडातून काढवेना. ते म्हणाले, "त्याचं असं आहे, विज्ञानात आधी नमुना तपासतात. म्हणून मी आधी मिसेसचं करून घेतलं. निरीक्षण चालू आहे. मग माझं."

"म्हणजे बायको नमुना?"

"नमुनाच आहे ती," सर म्हणाले. खोली हसली, आणि सरांना कितीतरी दिवसांनी श्वास घेतल्यासारखं वाटलं.

पण मोठ्या बाईंनाही जाड चष्मा होता आणि तो त्यांच्या नाकाला टोचत होता. त्याच आठवड्यात दवाखान्याचं माहितीपत्रक पर्समध्ये घालून त्या सरांच्या दारात हजर झाल्या. सर चहाचं भांडं घेऊन आत वळणार, तेवढ्यात त्या मॅडमना म्हणाल्या, "तुमचं कौतुक बाई! नवऱ्याच्या प्रयोगासाठी नमुना व्हायचं म्हणजे सोपं नाही."

"कोण झालं नमुना?"

"तुम्हीच की! सर म्हणाले, आधी तुमच्यावर प्रयोग, मग त्यांचं ऑपरेशन."

मॅडमनी सरांकडे वळून पाहिलं. त्या नजरेत आता कुठलीही काच नव्हती, आणि सरांना ती थेट लागली. त्यांनी भांडं छातीशी धरलं. आता ही 'पातळ' म्हणणार, आणि उद्या शाळेच्या शिपायापर्यंत सगळे म्हणणार.

"असं म्हणाले का?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "रोज लॅबमध्ये नमुने तपासते मी. नमुना चांगला आला तर तपासणाऱ्याचं नशीब. विचारा, काय विचारायचं ते."

सरांनी भांडं छातीपासून जरा खाली घेतलं.

मोठ्या बाईंनी विचारलं आणि मॅडमनी सांगितलं. दाब, धुकं, वास, नंतर डोळ्यांत खुपणारी वाळू, रात्री दिव्यांभोवती दिसणारी कडी. कमी नाही, जास्त नाही. मग मोठ्या बाईंनी माहितीपत्रक पुढे केलं. "यातलं हे खालचं बारीक अक्षर काय आहे, बघता का? मला या चष्म्यातून लागत नाही."

मॅडमनी कागद घेतला. सवयीने त्यांचा हात कपाळाकडे गेला, चष्मा वर सरकवायला. तिथे काही नव्हतं. त्यांनी कागद जवळ आणला, मग लांब धरला, मग हात पुरा ताणला.

"नाही दिसत," त्या म्हणाल्या.

"नाही दिसत?" भांडं खाली ठेवून सर धावत आले. "म्हणजे ऑपरेशन बिघडलं?"

"बिघडलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, आपल्या वयाला लांबचा नंबर गेला की जवळचं वाचायला चाळिशी लागते म्हणून. तुम्ही छताकडे बघत होता तेव्हा." मग त्या मोठ्या बाईंकडे वळल्या. "लॅबमध्येही पंचाईत होतेय हो. बाटल्यांवरची नावं दुसऱ्याकडून वाचून घेते. चाळिशी करायला टाकलीय."

सरांनी कागद घेतला. चष्मा काढला. कागद नाकाजवळ आणला आणि त्यांच्या मायनस साडेसहाला तिथलं बारीकातलं बारीक अक्षर खडूने फळ्यावर लिहिल्यासारखं दिसलं. त्यांनी घसा साफ केला.

"'पडद्याची जाडी पुरेशी नसल्यास...'" सर थबकले आणि पुढच्या ओळीवर उडी मारली. "'शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांचे डोळे कोरडे पडू शकतात. काही रुग्णांना...'"

"बघा, नुसता चष्मा काढला की झालं," मॅडम मोठ्या बाईंना म्हणाल्या. "काही करावं लागत नाही ह्यांना. खरं सांगू? हेवा वाटतो."

सरांचं वाचन थांबलं. "कुणाचा?"

"तुमचा. दुसऱ्या कुणाचा?"

"काय वाटतो म्हणालीस?"

"अहो, वाचा ना पुढे. बाई थांबल्यात."

"थांबू देत. चहाही व्हायचाय अजून." सरांनी कागद मोठ्या बाईंच्या हातात दिला. शर्टाच्या टोकाने चष्म्याच्या दोन्ही काचा नीट पुसल्या, उजेडाकडे धरून पुन्हा पुसल्या, आणि चष्मा लावून बायकोच्या अगदी समोर बसले.

"हं," सर म्हणाले, "आता म्हण."