मोगऱ्याचा च्या

सिद्रामअण्णा स्वतः चहा पीत नसत. पण त्यांच्या मोगऱ्याला आठवड्यातून एकदा चहा लागे.

मुरलेलं शेणखत गोणपाटात बांधून रांजणभर पाण्यात भिजवायचं, काठीनं ढवळायचं आणि रंग उतरला की ते पाणी झाडांना घालायचं, हा तो चहा. "मास्तर, च्या टाकलाय!" असं अण्णांनी कुंपणावरून सांगितलं की आमच्या घराच्या खिडक्या बंद होत.

अण्णा होटगी जंक्शनवर पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलणारे. नोकरी सुटल्यावर सोलापुरात आमच्या शेजारी एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती लेक गंगू अक्कलकोटला दिलेली. मी आमच्या घरातला पहिला बी. ए. सही न येणाऱ्या माझ्या वडिलांइतकंच अण्णांनाही त्याचं कौतुक, आणि ते कौतुक मला कायम पुरलं आहे.

होळीच्या सुमारास कुठूनसं शेतकीचं इंग्रजी चोपडं घेऊन ते आले. "वाचा. तुमचं बी. ए. कवा कामाला येनार?"

मी अर्थ सांगितला : खत तीन दिवस भिजवावं.

"छापलंय?"

"छापलंय."

"मग झालं की."

जन्म रेल्वेत गेलेला. त्यांनी भिंतीवर खडूनं लिहिलं : सोमवार सकाळी आठ ते गुरुवार सकाळी आठ. पाडवा झालेला, ऊन पेटलेलं. दुसऱ्याच दिवशी रांजणावर फेस आला. पलीकडचे विणकर तेलुगूत काहीतरी ओरडले. अर्थ विचारायची गरज नव्हती.

"अण्णा, नासलंय ते. ओतून द्या की," आमची ही म्हणाली.

"वैनी, टायमाच्या आधी गाडी सोडायची नसती."

गुरुवारी आठाला गाडी सुटली. शनिवारपर्यंत मोगऱ्याची पानं करपून गळू लागली.

चोपडं थंड मुलखातलं होतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी माफी मागायला गेलो. अण्णा गळलेली पानं वेचत होते.

"मास्तर, वैशाखात फुलं पायजेत. पायजेत म्हंजे पायजेत. गंगीला सातवा लागतोय. फुलांची वाडी भरायची."

"बाजारातून आणू की."

"इकतची न्हाय. घरची."

मग अण्णांनी पहिल्यापासून सुरुवात केली. रांजण कडुनिंबाखाली गेला, भोवती ओलं गोणपाट आलं. भर दुपारी तासातासाला ढवळणं, आणि दर वेळी आत नाक घालून हुंगणं. वास जरा आंबटला की सगळं उकिरड्यावर. एक तांब्या च्या, तर दहा तांबे पाणी. नळ जेमतेम अर्धा तास यायचा, म्हणून अण्णा आंघोळ मोगऱ्याच्या आळ्यात उभं राहून करू लागले. येणारेजाणारे हसत. "हसा," अण्णा अंगावर तांब्या ओतत म्हणत, "मी भिजतोय, तुमी वाळताय!"

महिन्याभरात फूट आली. मग कळ्या.

डोहाळजेवणाच्या सकाळी अण्णा सूपभर कळ्या घेऊन आमच्या दारात उभे. "वैनी, ओवायला शिकवा."

"द्या इकडे. मी ओवते."

"न्हाय. तिची आई असती तर तिनंच ओवलं असतं."

रुळांचे सांधे ओढून ओढून राठ झालेली ती बोटं. दोरा तुटे, कळी चुरडे.

"अण्णा, रूळ नाही बदलायचा, कळी आहे ती!" ही म्हणाली. अण्णा घाम पुसून पुन्हा सुई धरत. दुपारपर्यंत सगळ्या कळ्या ओवून झाल्या.

कार्यक्रम आमच्याच घरी झाला. आत बायकांची गाणी, बाहेर ओट्यावर अण्णा आणि मी. वेणीपासून बाजूबंदापर्यंत मोगरा ल्यालेली गंगू पाया पडायला बाहेर आली. वाकून उठली आणि आत जायला वळली.

"जरा उबी ऱ्हा की," अण्णा म्हणाले. "तुज्या आईची वाडी भरली तवा मी होटगीला डबल ड्यूटीवर हुतो. मला बगायला मिळाली न्हाय."

गंगू उभी राहिली.